साक्षीदार जिवंत पाहिजे

१

"मॅडम, गेला! किशोर गेला!"

वरच्या खोलीतून राकेश ओरडला तेव्हा इन्स्पेक्टर पौर्णिमा थूल खाली ओसरीत बसून टपरीवरचा चहा पीत होती. माणूस मेल्याचं ऐकलं की कोणाच्याही तोंडून आधी 'अरेरे' निघतं. हिच्या मनात आलं ते असं: अरे मेल्या, आत्ता नाही! सोमवार होऊ दे, साक्ष होऊ दे, मग खुशाल मर. कप कठड्यावर आपटून ती जिन्याकडे धावली.

खाटेवर तो उताणा पडला होता. तोंड उघडं, ओठ निळसर, हात थंडगार. खाली जमिनीवर रात्रीचं ताट तसंच होतं. कारल्याची भाजी चाटूनपुसून संपवली होती, भाकरीचा तुकडा तेवढा उरला होता. साध्या वेशातला पहाऱ्याचा शिपाई राकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यामागे घरमालक बापूराव आले, आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत, धापा टाकत दौलतराव साहेब आले.

"सगळे बाहेर व्हा," पौर्णिमा म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

किशोर हे नाव घरच्यांना सांगण्यापुरतं. खरं नाव योगेंद्र. सहा वर्षांपूर्वी वर्ध्याहून नागपूरला निघालेल्या बसमध्ये स्टीलचा डबा ठेवून सेलूला उतरून गेलेला माणूस तो हाच. केळझर मागे पडलं आणि डबा फुटला. मेलेल्यांत अश्विन होता, पौर्णिमाच्या थोरल्या बहिणीचा, रुख्मिणीचा, एकुलता एक. पौर्णिमानं लग्न केलं नव्हतं. पोराला न्हाऊ घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं या मावशीनंच केलं होतं, आणि शेवटी त्याच्या उजव्या पायातल्या बुटावरून त्याला ओळखलंही हिनंच.

योगेंद्र पकडला गेला तेव्हा रडून म्हणाला, डब्यात चोरटं सोनं आहे असं वाटलं होतं मला. डबा देणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. हा मास्तर स्फोटाआधीच आखातातल्या एका देशात पळाला होता आणि तिथं हॉटेलं थाटून मजेत बसला होता. त्याचं तोंड पाहिलेला जिवंत माणूस एकच, योगेंद्र. म्हणून सरकारनं योगेंद्रला माफी दिली, एका अटीवर. जे घडलं ते सगळं खरं सांगायचं, काही म्हणता काही लपवायचं नाही.

माफीसाठी वरिष्ठांकडे हट्ट धरला होता तो पौर्णिमानंच. "मास्तर पाहिजे असंन तं हे कुत्रं पोसा लागते," असं तिनं रुख्मिणीला सांगितलं तेव्हा बहिणीनं तिच्याकडे पाठ फिरवली होती. ती पाठ अजून फिरलेलीच होती.

आता सोमवारी तिकडच्या कोर्टात पडद्यावरून योगेंद्रची साक्ष व्हायची होती. साक्ष झाली की मास्तर भारताच्या ताब्यात. साक्षीदार नाही तर मास्तर सुटला, आणि एकदा सुटला की जन्माचा सुटला.

तिनं मोबाइलची काच त्याच्या नाकाशी धरली. काही नाही. अजून थोडं धरली. काचेवर पुसटसं धुकं आलं आणि गेलं.

जिवंत होता! पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते या माणसासाठी आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून तिनं गाडी बोलावली. मग चादर ओढून त्याचं तोंड झाकलं आणि दार उघडलं.

"गेला," ती म्हणाली. "कोणी घर सोडून जायचं नाही."

ज्यानं मारायला घेतलं होतं तो या घरातच होता. त्याला आपलं काम फत्ते झालं असं वाटू देणंच बरं.

२

डॉक्टरांचा फोन लवकरच आला. झोपेच्या गोळ्या. भरपूर. कडू भाजीत कुटून घातल्या असतील तर खाणाऱ्याला कळायचंही नाही. वाचेल, संध्याकाळपर्यंत बोलेल, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर गेलाच होता.

पौर्णिमा ओसरीत आली. समोर अंगणात नळाजवळ एक भरलेला लाल सिलेंडर उभा होता, तोंडावर कंपनीचं सील तसंच. त्याच्यापलीकडे बापूरावांची भाजीपाल्याची वाडी, वांगी, मेथी, कारल्याचा मांडव आणि कुंपणाला लागून पेरूची झाडं. बोरगाव मेघेत आता सगळीकडे प्लॉट पडलेत, पण बापूरावांनी वाडी विकली नाही. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. पोलीस लाइनीत पौर्णिमाच्या शेजारी त्यांनी पंधरा वर्षं काढली होती. साक्षीदार ठेवायला यांच्यापेक्षा भरवशाचं घर कुठलं? या घरातलं कोणी स्फोटात गेलेलं नाही, कोणी आप्त नाही, हेही तिनं तपासून घेतलं होतं.

जेवण बापूरावांच्या बायकोनं, सखूबाईंनी केलं. ताट राकेशनं वर नेलं. जेवताना दौलतराव त्याच्यासमोर बसले होते. बापूराव वाडीत पाण्यावर होते, पंपाची लाइट तेव्हाच येते. म्हणजे ताटाजवळ आलेले तिघे.

पहिले दौलतराव. परराष्ट्र खात्यात जन्म घालवलेला माणूस. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी त्याच आखाती देशात काढली होती, आणि आता योगेंद्रकडून साक्षीची तयारी करून घ्यायला रोज यायचे.

"साहेब, झोपेच्या गोळ्या घेता का तुम्ही?"

दौलतरावांनी बॅग उघडली. बाटली काढली, हलवली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कधीमधी घेतो. ही परवाच आणली. भरलेली होती."

"आता रिकामी आहे."

"पौर्णिमाबाई, तुम्हाला असं वाटतं की मी?" म्हातारा ताडकन उभा राहिला. गुडघे दुखायचे विसरून गेला. "अहो, लोक म्हणत होते, विमानं पाठवा, बॉम्ब टाका. मी म्हणत होतो, बॉम्बनं एक अड्डा मोडतो, दुसरा उभा राहतो. यांना जिथं आसरा मिळतो ना, तो आसरा काढून घ्या. त्या देशाला आपला व्यापार हवाय, आपली माणसं हवीत कामाला. त्यांना पटवून द्या की हा एक मास्तर घरात ठेवणं महाग पडेल. आरोपी परत द्यायचा करार व्हायला किती उन्हाळे गेले माहीत आहे? किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या? एक मास्तर बेड्या घालून परत आला की बाकीचे जिथं कुठं असतील तिथं त्यांची झोप उडणार आहे. आणि मी तो साक्षीदार मारू?"

"मग बाटली रिकामी कशी झाली?"

"बॅग मी खालीच ठेवतो. स्वयंपाकघराच्या दाराशी. जिना चढताना ओझं नको म्हणून." ते खाली बसले, आणि एकदम म्हाताऱ्यासारखे रडायला लागले. "संपलं हो सगळं. सोमवारी मी त्या लोकांना काय सांगू?"

खोटं रडणारी माणसं पौर्णिमानं पुष्कळ पाहिली होती. हे रडणं तसं नव्हतं. पण बॅग खाली होती, म्हणजे गोळ्या कोणीही काढू शकत होतं.

३

"जेवण झाल्यावर मी दारातच बसलो होतो मॅडम, एक मिनिट हललो नाई," राकेश म्हणाला.

"रात्रभर?"

"रात्रभर."

पौर्णिमानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. राकेश सिंदी रेल्वेचा, कापसाच्या जिनिंगवर हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा. चांगला होता, पण खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. आत्ता ती ओढून ओढून लाल झाली होती.

"राकेश, माणूस मेला हाय. माह्या हातात तुह्याशिवाय दुसरं कोणी नाई. खरं बोल, नाई तं आजच तुले आत टाकतो मी."

"मॅडम, शपथ सांगतो..."

"काऊन खोटं बोलून राह्यला बे?"

राकेश मटकन खाली बसला. "गिरडले गेलतो मॅडम. ताट वर ठेवलं अन् गाडी काढली. बायकोचं तिसरं बाळंतपण हाय, आधीचे दोन्ही राह्यले नाई. आईनं दर्ग्यावर नवस बोलला होता, का दिवस भरत आले का नवऱ्यानं टेकडी चढाव. काल सांजच्याले फोन आला का दवाखान्यात नेलं. मंग मले राहवलं नाई. पाहाटे आलो." त्यानं खिशातून दर्ग्यावरची सब्ज्याची सुकलेली पानं काढून तिच्यापुढे धरली. "पोरगी झाली मॅडम. दोघी बऱ्या हायेत."

पौर्णिमाला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि अभिनंदनही करावंसं वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"तू गेला हे कोणाले माहीत होतं?"

"काकूले. त्यायनंच तं म्हटलं, जाजो बापा, मी हावो न इथं. पोरासारखा हाय तो मले, मी पाह्यतो त्याले."

पौर्णिमानं यावर जास्त विचार केला नाही, आणि तेच तिचं चुकलं. सखूबाई म्हणजे साऱ्या पोलीस लाइनीची माउली. कोणाचं पोर आजारी पडलं तर रात्र रात्र उशाशी बसणारी बाई. योगेंद्रला तिच्या हातचं जेवण असं मानवलं होतं की आठ महिन्यांत त्याचे गाल वर आले होते. ते वर आलेले गाल पाहून पौर्णिमाचीच बोटं शिवशिवायची.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. सगळं घर धुतलेलं होतं, फरशी अजून ओली होती. सखूबाई केस धुऊन, मोकळे सोडून शेगडीपुढे उभ्या होत्या. भात शिजत होता. मागच्या दारात त्यांची मुलगी पिंकी मेथी निवडत बसली होती. तिशीला आलेली, लग्नाचं नाव काढलं की उठून जाणारी.

"ये पौर्णिमा. घासभर खाऊन घे. सकायपासून उपाशी असशीन."

"वहिनी, भाजी कारल्याची काऊन केली काल?"

"त्यालेच आवडे." सखूबाईंनी भातावर झाकण ठेवलं. "पोरगा गेला व. माह्या हातचं खाऊन झोपला अन् उठलाच नाई. मले काई सुधरून नाई राह्यलं."

डोळे कोरडे होते. पण कितीतरी माणसांचे असतात. पौर्णिमानं दोन घास खाल्ले आणि ती दवाखान्याकडे निघाली, कारण डॉक्टरांचा फोन आला होता. योगेंद्रला शुद्ध आली होती.

४

त्याला कोपऱ्यातल्या खोलीत वेगळ्या नावानं ठेवलं होतं. पौर्णिमाला पाहून त्यानं हात जोडले.

"मॅडम, माह्यी चूक झाली. मीच घेतल्या गोळ्या. झोप येत नव्हती. दौलतराव साहेबाच्या बॅगेतून काढल्या अन् घेतल्या."

"इतक्या?"

"मोजल्या नाई."

"कायच्यासंगं?"

"पाण्यासंगं. अजून कायच्यासंगं?"

पौर्णिमानं खुर्ची ओढली आणि त्याच्या उशाशी बसली. हा माणूस आठ महिने दारावर टकटक झाली तरी खाटेखाली शिरायचा. साधा ताप आला तर डॉक्टर बोलवा म्हणून जीव खायचा. याला मरायचं नव्हतं. आपण कोणाच्या तरी हातून मरता मरता वाचलो हे याला कळलेलं होतं, आणि तरी तो त्या माणसाला पाठीशी घालत होता.

"काकूबाईले सांगा मी बरा हाय," तो घाईनं म्हणाला. "त्यायले तरास देऊ नका मॅडम. काई विचारू नका. त्यायचा काई संबंध नाई."

पौर्णिमानं काकूंचं नावही काढलेलं नव्हतं.

परत येताना ती बोरगावच्या नाक्यावर टपरीशी थांबली. टपरीवाल्या तानबानं चहाचा ग्लास पुढे केला. "सकाळी बी तुमच्याकडंच पाठवला होता मॅडम. बापूराव भाऊच्या घरून पिंकी आलती, दिवस निघाल्या निघाल्या. मी म्हटलं, आज इकडं कशी? सखू काकूच्या घरी बाहेरचा चहा? आजवर कधी पाह्यला नाई."

"सिलेंडर संपला म्हणे," पौर्णिमा म्हणाली, आणि ग्लास ओठाजवळ नेता नेता थांबली.

सकाळी तिला असंच सांगितलं होतं. सिलेंडर संपला, चहा टपरीवरून आणलाय. आणि दुपारी त्याच शेगडीवर भात शिजत होता. सिलेंडर बदलला असेल? कुठून? भरलेला तर अंगणात नळाजवळ सील न तोडता उभा होता. जेवून निघताना ती त्याला वळसा घालून गेली होती.

म्हणजे सिलेंडर संपलेलाच नव्हता. चूल पेटवली नव्हती.

पौर्णिमा बौद्ध. तिच्या घरी दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही, कावळा नाही. बाबासाहेबांच्या मागं आजोबा गेले तेव्हाच ते सगळं दाराबाहेर टाकलेलं. पण मयत घरात असताना चूल पेटवत नाहीत, एवढं तिच्या वस्तीतही पाळतात. प्रेत उठल्यावर घर धुवायचं, अंगावरून पाणी घ्यायचं, मग चूल. सखूबाईंनी दुपारी नेमकं तसंच केलं होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

पण सकाळी? दिवस उजाडताना वरच्या खोलीत मयत आहे हे कोणाला माहीत होतं? राकेश वर गेला तो पौर्णिमा आल्यानंतर. त्याआधी सगळ्यांच्या लेखी योगेंद्र झोपलेला होता. घरात प्रेत आहे असं मानून चालणारी बाई एकच होती. जीव घेताना तिचा हात कापला नव्हता, पण प्रेत असलेल्या घरात काडी ओढायला तो धजला नव्हता.

पौर्णिमानं चहा तसाच ठेवला.

५

सखूबाई वाडीत होत्या. पेरूच्या झाडाखाली, पडलेली पानं गोळा करत.

"वहिनी," पौर्णिमा म्हणाली, "सकाळी चूल काऊन नाई पेटवली?"

सखूबाईंचा हात थांबला. मग पदरानं हात पुसून त्या खाली बसल्या.

"तुले समजन असं वाटलंच होतं. दुसऱ्या कोणाले नसतं समजलं." मग मान वर करून, अगदी शांतपणे, "पौर्णिमा, अश्विनचं अन् माह्या पिंकीचं जमलं होतं."

पौर्णिमानं कुंपणाची तार धरली.

"तुले माहीत नव्हतं. ह्यायले बी नाई. लहानपणापासून लाइनीत सोबत खेळलेले पोट्टे. अश्विननं मलेच सांगतलं होतं. म्हणे, मामी, नोकरी लागू द्या, मंग मावशीले मीच सांगतो. जातीचं काय करशीन रे म्हटलं, तं म्हणे, तुमी हो म्हणा, बाकी मी पाहून घेतो. मी हो म्हटलं. त्या दिवशी नागपूरले चालला होता, मुलाखत होती. ह्याच झाडाचे पेरू तोडून पिशवी भरून देल्ली मी त्याले."

"अन् योगेंद्र?"

"पंधरा दिस झाले. म्या त्याले पेरू नेऊन देल्ला. खाय न बापा म्हटलं. तं हातात घेतला अन् ढसाढसा रडाले लागला. माह्या पायावर पडला. म्हणे, काकू, मले माफ करा, मी कोण हाय तुमाले माहीत नाई." सखूबाईंचा आवाज आता चढायला लागला. "सगळं सांगतलं मेल्यानं! म्हणे, डब्यात काय हाय ते मले मास्तरनं सोताच सांगतलं होतं. घड्याळ कसं लावाचं, कोणत्या पुलाशी फुटन, ते बी सांगतलं. सेलूले उतराले उठलो तं एक पोरगा उभा होता. म्हटलं, बस माह्या जागेवर. त्यानं थँक यू भाऊ म्हटलं, अन् पिशवीतून एक पेरू काढून देल्ला. म्हणे, होणाऱ्या सासूबाईच्या वाडीतला हाय, खाऊन तं पाहा. काकू, मी तो पेरू खात खात बस जातानी पाह्यत उभा होतो, म्हणे!"

पौर्णिमाला काही दिसेना. तार तिच्या तळहातात रुतली तरी तिनं सोडली नाही.

"त्यानं जागा देल्ली माह्या जावयाले! मराले जागा देल्ली!" सखूबाईंनी छातीवर हात मारला. "अन् मी आठ महिने त्याले गरम भाकर वाढली. मंग पंधरा दिस अजून वाढली, हासत हासत, कारण मले गोळ्या पाहिजे होत्या. मारला मी त्याले. घाल बेड्या. मले काईच दुःख नाई."

"तो जित्ता हाय वहिनी."

सखूबाई उठल्याच. "काय?"

"दवाखान्यात हाय. वाचला. अन् तुमचं नाव नाई घेत. काऊन? तुमी बोलल्या तं त्याची माफी जाईन म्हणून. त्यानं सरकारले सांगतलं, डब्यात सोनं होतं असं वाटलं. त्या एका खोट्यावर तो सुटला हाय."

"मंग मी आत्ताच सांगतो! चाल, कुठं सांगाचं ते सांग. नाई तं मी पुन्हा जातो दवाखान्यात, ह्या हातानं गळा दाबतो त्याचा!"

"बसा खाली!" पौर्णिमा इतक्या जोरात ओरडली की पलीकडून बापूराव धावत आले, आणि तिनं हातानंच त्यांना परत पाठवलं. मग ती सखूबाईंच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागली.

"वहिनी, आज तो मेला तं काय होईन? खाऊन पिऊन, झोपेत, काई न समजता मेला. अन् मास्तर तिकडं पेढे वाटन. आज तुमी बोलल्या तं माफी गेली, तो साक्ष देणार नाई, तरी मास्तर सुटला. डबा नेणारा मेला अन् डबा भरणारा जित्ता! चालते तुमाले?"

सखूबाईंनी मूठभर पानं चुरगाळली.

"मले नाई चालत," पौर्णिमा म्हणाली. "मले दोघं पाहिजेत. आज मी तुमाले अटक करतो. सोडणार नाई, ते मागू नका. काऊन मारलं हे कोणी किती बी विचारलं तरी तोंड उघडाचं नाई. आरोपीले गप्प राहाचा हक्क असते. सोमवारी त्याले बोलू द्या. मास्तरले इथं येऊ द्या. मंग तुमचं बयान. अन् एक ध्यानात ठेवा, ते बयान देल्लं का तुमचा गुन्हा बी तुमच्याच तोंडानं शाबीत होईन. दहा वर्षं जातीन तुमचे."

"माह्ये दहा वर्षं गेले तं गेले." सखूबाईंनी विस्कटलेले केस बांधले आणि दोन्ही हात पुढे केले. "पह्यले तो मास्तर. मंग हा. मंग मी. घाल बेड्या पौर्णिमा, माह्या तोंडून चकार शब्द नाई निघणार."

अंगणातून जाताना पिंकीनं आईला पाहिलं आणि हातातली परडी टाकून दिली. बापूराव भिंतीला धरून उभे होते. पौर्णिमाला त्यांच्याकडे पाहवलं नाही.

६

सोमवारी योगेंद्र पडद्यापुढे बसला आणि त्यानं मास्तरला ओळखलं. गळा काढून रडला, पश्चात्ताप केला, सगळं दौलतरावांनी शिकवलं होतं तसं नीट केलं. उन्हाळा संपता संपता त्या देशानं मास्तरला विमानात बसवून दिलं. दौलतरावांनी पेढे आणले, आणि पहिला पौर्णिमाच्या हातावर ठेवला.

खटला नागपूरला उभा राहिला. योगेंद्रनं साक्ष दिली, मास्तरकडे बोट दाखवलं. मास्तरचा वकील हुशार. तो म्हणाला, ठीक आहे, डबा दिला असेल. पण आत काय आहे हे खुद्द माझ्या अशिलाला तरी कुठं माहीत होतं? त्यालाही कोणीतरी दिला आणि त्यानं पुढं दिला. याच साक्षीदारानं शपथेवर सांगितलंय, आत सोनं असेल असं वाटलं होतं. म्हणजे आतल्या मालाबद्दल दोघांत एक शब्द झालेला नाही.

मास्तर मागं रेलून बसला. चेहऱ्यावर चक्क हसू होतं. योगेंद्रही निवांत होता. साक्ष संपली, माफी पक्की झाली, आता मोकळं आभाळ.

सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "आणखी एक साक्षीदार आहे."

तुरुंगातून आणलेल्या सखूबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच होता, अख्ख्या पोलीस लाइनीला ऐकू जाणारा. त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्या कुठून काढल्या, भाजीत कशा कुटून घातल्या, काही लपवलं नाही. आणि का घातल्या ते सांगितलं. मास्तरनं स्वतः घड्याळ लावायला शिकवलं होतं, कोणत्या पुलाशी फुटेल तेही सांगितलं होतं. जागा. पेरू. जाणारी बस.

मागच्या बाकावर रुख्मिणी बसली होती आणि तिच्या शेजारी पिंकी. रुख्मिणीनं तोंडात पदर कोंबला आणि दुसऱ्या हातानं पिंकीला जवळ ओढून घेतलं.

मास्तर एव्हाना सरळ बसला होता. न्यायाधीशांनी योगेंद्रला पुन्हा उभं केलं, आणि माफीची अट त्याला पुन्हा वाचून दाखवली. हे खरं आहे का? तो नाही म्हणायला गेला. सखूबाई त्याच्याकडे पाहत होत्या, पापणी न हलवता. मग त्यानं मान खाली घातली आणि हो म्हटलं, आणि एकदा हो म्हटल्यावर घड्याळ, तारा, पूल, सगळं धडाधड बाहेर आलं, मास्तरच्या समोर, मास्तरचं नाव घेऊन.

माफी गेली. त्याच दिवशी त्याला आरोपी म्हणून ताब्यात घेतलं. बाहेर व्हरांड्यात शिपाई बेड्या चढवत असताना त्यानं पौर्णिमाला पाहिलं आणि तो तिच्याकडे झेपावला.

"मॅडम! तुमाले माहीत होतं! पह्यलेपासून माहीत होतं तुमाले! मंग त्या दिवशी मले वाचवलं काऊन?"

पौर्णिमा त्याच्या अगदी जवळ गेली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत होती.

"अश्विन माहा भाचा होता," ती म्हणाली. "त्या दिवशी तू मेला असता, तं सुटला असता."